पंख बसवण्याची मुभा

शाळामास्तराचा जन्म नियमांच्या सावलीत जातो. आमच्या शाळेच्या दारात पहिली पाटी आहे ती 'चपला ओळीत ठेवाव्यात' अशी. तिच्या पुढच्या साऱ्या पाट्या 'नये' या शब्दावर संपतात. फुले तोडू नयेत, भिंतीवर लिहू नये, जिन्यावरून धावू नये, नळाशी खेळू नये. वीस-बावीस वर्षे या पाट्यांखालून ये-जा केल्यावर नियम म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते 'नये'. घरोघरी तरी दुसरे काय असते? वडीलमाणसांना जे नको ते थोड्या सभ्य भाषेत सांगितले की त्याचा नियम होतो.

पण 'हे तू स्वतः कर, आमची हरकत नाही' असे सांगणारेही काही नियम असतात. मनाई पाळायला सोपी. हात खिशात घालून उभे राहिले की ती पाळली जाते. मुभेचे तसे नाही. ती मिळाली की काम आपले, सही आपली आणि रात्रीची झोपही आपली. गेल्या वर्षभरात अशाच एका मुभेशी माझा फार जवळून संबंध आला. प्रश्न असा होता की, वैमानिकाने आपल्या ग्लायडरचे पंख आपल्याच हातांनी बसवावेत काय, आणि सरकार त्याला तसे करू देते काय?

मराठी व्याकरण शिकवणाऱ्या आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला ही उठाठेव कुणी सांगितली, असे वाचकांना वाटेल. सांगितली माझ्या थोरल्या बहिणीने. तिचा एकुलता एक मुलगा कॅनडात, टोरांटोजवळ नोकरीला आहे. मेव्हणे जाऊन आता नऊ वर्षे झाली. मुलगा आठवड्यातून दोनदा फोन करतो, न मागता पैसे पाठवतो, आणि लग्नाचा विषय निघाला की तिकडच्या हवामानावर बोलू लागतो. एकंदरीत परदेशातल्या मुलाने जसे असावे तसा आहे. दोन वर्षांपूर्वी तो ग्लायडर उडवायला शिकला. ताईने तेही सोसले. एका मित्राबरोबर निम्मे-निम्मे पैसे घालून त्याने एक जुने जर्मन ग्लायडर विकत घेतले. ताईने त्याच्या नावाने सत्यनारायण घातला. पण पुढे एकदा त्याने फोटो पाठवला. त्यात एक लांबच लांब पांढरी पेटी होती, पेटीबाहेर विमानाचे नुसते धड होते, आणि एक पंख गवतावर निजला होता. खाली लिहिले होते, 'पंख बसवतोय.'

त्या रात्री साडेदहाला ताईचा फोन आला.

"अरे, याच्या विमानाला पंखच नाहीत!"

"ताई, बसवतोय असं लिहिलंय ना त्यानं?"

"तेच म्हणते मी! आगगाडीचा ड्रायव्हर आधी गाडीला चाकं बसवतो नि मग ती हाकतो का? तिथलं सरकार याला काही म्हणत नाही? तुला इंग्रजी येतं. नियम शोधून काढ. मनाई असली तर मला सांग, मग मी त्याच्याकडे बघते."

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण ताईने ते ज्या विश्वासाने गृहीत धरले होते, त्या विश्वासाला नाही म्हणणे कठीण. आणि तिची मागणी चमत्कारिक असली तरी तिच्या आवाजात जे होते ते चमत्कारिक नव्हते. मुलाला 'उडू नकोस' म्हणण्याचा धीर तिला होत नव्हता. ते कुणा परक्याने, सरकारी शिक्का मारून म्हणावे, एवढेच तिला हवे होते. मे महिन्याच्या सुटीत भाच्याने मला तिकडे बोलावले. ताईच्या गुडघ्यांना तो प्रवास झेपण्यासारखा नव्हता, तेव्हा तिचा वकील म्हणून मीच निघालो.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. दुसरे विमान त्याला दोराने ओढून वर नेते आणि सोडून देते. मग वैमानिक तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधतो आणि तिच्यात गोल गोल फिरत वर जातो. आपल्याकडे दुपारच्या वेळी घार पंख न हलवता चढत जाते, तसेच. भाच्याचे ग्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा मीटर. एक किलोमीटर उंची हाती असली, तर ते शांत हवेत चाळीस किलोमीटरपर्यंत घसरत जाऊ शकते. पण वर चढणारी हवा सापडली नाही, तर मिळेल त्या शेतात उतरावे लागते. मग मित्र गाडीमागे ती लांब पेटी जोडून शोधत येतो, दोघे पंख काढतात, पेटीत भरतात आणि शेतकऱ्याचे आभार मानून घरी जातात. पंख सुटे होणे ही ग्लायडरची खोड नव्हे, ती त्याची गरज आहे. पंख सुटत नसते, तर त्याला घरचा रस्ताच राहिला नसता.

भाच्याच्या घरी या विषयाची पुस्तके होती. रात्री झोप येईना म्हणून ती चाळीत बसलो, तेव्हा लक्षात आले की 'वैमानिकाने स्वतः जुळवावे काय' हा प्रश्नच मुळी नवा आहे. पहिल्या उडणाऱ्यांना तो पडलाच नव्हता. जर्मनीत ओटो लिलिएंथालने १८९१ पासून पाच वर्षांत दोन हजारांवर झेपा घेतल्या, त्या स्वतः आखलेल्या आणि स्वतःच्या कारखान्यात केलेल्या पंखांवर. १८९६ च्या ऑगस्टमध्ये तो पडला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनला वारला. १९०० साली अमेरिकेत विल्बर राइट किटी हॉकच्या वाळूत आला, तो ग्लायडरचे सुटे भाग बरोबर घेऊन. पंखांच्या कण्यासाठी त्याला अठरा फुटी लाकूड हवे होते. मिळाले सोळा फुटी. मग शिवून आणलेले कापड कापून लहान करणे आले. किटी हॉकला टेट नावाच्या कुटुंबाने त्याला आसरा दिला होता. त्या घरच्या बाईंच्या शिवणयंत्रावर विल्बरने ते कापड पुन्हा शिवले. हंगाम संपल्यावर ग्लायडर तिथेच टाकून राइट बंधू घरी गेले, तेव्हा टेटबाईंनी पंखांचे सॅटिन काढून आपल्या दोन मुलींना झगे शिवले. विमानविद्येच्या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटली ती ही बाई. घरात आलेले चांगले कापड वाया जाऊ द्यायचे नाही, ही जात आपल्या ओळखीची आहे.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधने आली, तेव्हा १९२० साली वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर विद्यार्थी घरी केलेली ग्लायडरे घेऊन जमू लागले. हानोवरच्या विद्यार्थ्यांचे 'व्हँपायर' १९२२ साली तीन तासांवर हवेत राहिले. आपल्याकडेही १९५० नंतर दिल्लीच्या नागरी विमान खात्याच्या तंत्रकेंद्राने ग्लायडरे आखली आणि त्यांना नक्षत्रांची नावे दिली. अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर. रोहिणीचे पहिले उड्डाण १९६१ चे. तिच्यात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसत. हे ताईला फोनवर सांगितले, तेव्हा ती प्रथमच जरा शांत झाली. "रोहिणी का? बरं आहे नाव," एवढेच म्हणाली.

करणारा आणि उडणारा एकच होता, तोवर नियमाला जागा नव्हती. मग मध्ये कारखाना आला, तपासनीस आला, परवाना असलेला तंत्रज्ञ आला, आणि हे चांगलेच झाले. त्यांच्यामुळे तुम्ही-आम्ही तिकीट काढून निर्धास्त झोपत विमानाने जातो. पण ग्लायडर दर शनिवारी पेटीतून बाहेर निघते आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा पेटीत जाते. दर खेपेला तंत्रज्ञाला बोलवायचे म्हटले, तर उडणे बंद. नियम करणाऱ्यांपुढची अडचण ही होती.

कॅनडाच्या सरकारने ती कशी सोडवली, ते भाच्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर नियम उघडून दाखवले. तिथे विमानाच्या कामांतून काही कामे वेगळी काढून त्यांना 'प्राथमिक कामे' म्हटले आहे. बाकीच्या देखभालीला जाणत्या तंत्रज्ञाची सही लागते. प्राथमिक कामाला ती लागत नाही. खासगी विमानाच्या वैमानिकाने ते स्वतः करावे आणि केल्याची नोंद ठेवावी. या कामांची यादीच दिली आहे. चाकाचा टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे, इंजिनाचे तेल बदलणे, कापडी भागाला पंधरा सेंटिमीटरपर्यंतचे ठिगळ लावणे, आतल्या गाद्या दुरुस्त करणे, फ्यूज आणि दिव्याचे बल्ब बदलणे. आणि याच यादीत, त्याच ओळीने, झटपट जुळवणीसाठी रचलेले ग्लायडरचे पंख आणि शेपटी काढणे व बसवणे.

मी ते ताईला फोनवर वाचून दाखवले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती म्हणाली, "म्हणजे दिवा बदलणं आणि पंख बसवणं त्यांच्या लेखी एकच?"

प्रश्न बिनतोड होता. पण व्याकरणाच्या मास्तराला विशेषणे सोडवत नाहीत. मी ते वाक्य पुन्हा वाचले. 'झटपट जुळवणीसाठी रचलेले' हे विशेषण पंखांना लावले आहे, आणि सारे वाक्य त्याच्यावर उभे आहे. ज्याने ग्लायडर आखले त्याने अवघड भाग आधीच करून ठेवलेला असतो. पंखांच्या कण्यांची टोके एकमेकांत कुठवर शिरतील, खुंट्या कोणत्या भोकातून जातील, हे सारे कारखान्यात ठरलेले. वैमानिकाने खुंटी घालायची. नवे भोक पाडायचे नाही. पंखाला तडा दिसला, तर तो बुजवायचा नाही, तंत्रज्ञाकडे न्यायचा. मुभेला असे अंगण आखून दिलेले आहे, आणि ते फार मोठे नाही.

शेजारच्या अमेरिकेत याहून पुढची एक मुभा आहे. तिथे सबंध विमान घरी बांधता येते, मात्र त्यातले मुख्य काम बांधणाऱ्याने स्वतः केलेले हवे, आणि केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी केलेले हवे. १९५४ साली प्रथम उडालेले श्वायट्झर कंपनीचे १-२६ हे ग्लायडर तयार तर मिळेच, पण सुट्या भागांच्या रूपातही मिळे. लोक ते घरी बांधीत. 'शिक्षणासाठी' हा शब्द एखाद्या विमानखात्याच्या नियमात भेटेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. हातांनी करून पाहणे म्हणजे शिकणे, हे आम्ही प्रशिक्षणवर्गांत ऐकतो आणि वर्गात शिरताना विसरतो. तिकडे ते कायद्यात लिहून ठेवले आहे.

पण ताईच्या प्रश्नाचे उत्तर यात नव्हते. दिवा लागला नाही तर अंधार होतो. पंख नीट बसला नाही तर काय होते, ते भाच्याने मला न लपवता सांगितले. पंख निखळून पडण्याची भीती त्या मानाने थोडी. खरा धोका बारीक सांध्यांचा. वैमानिकाच्या हातातल्या दांड्यापासून सळया निघतात. त्या पंखांच्या मागच्या कडेच्या आणि शेपटीवरच्या झडपांना जाऊन मिळतात. या झडपांनी विमान कलते, चढते, उतरते. नव्या ग्लायडरांत पंख आत सरकला की सळया आपोआप जुळतात. जुन्यांत प्रत्येक सांधा हाताने जोडावा लागतो. एक गोळी, तिच्यावर बसणारी खोबण, खोबणीची कळ, आणि कळ सुटू नये म्हणून वर अडकवायची एक लहानशी पिन. सांधा राहून गेला, तरी ग्लायडर बाहेरून अगदी शहाण्यासारखे दिसते. दोर ताणला जातो, ते जमीन सोडते, आणि मग कळते की दांडा हलतो पण शेपटी ऐकत नाही. अशा विसरण्याने माणसे मेली आहेत, आणि त्यांत नवशिक्यांइतकेच जुनेजाणतेही होते.

"हे आईला सांगू नकोस," तो म्हणाला.

"तुझ्या आईला न सांगता कळतं," मी म्हणालो.

शनिवारी आम्ही क्लबच्या मैदानावर गेलो. सगळीकडे ओले गवत, कडेला मेपलची झाडे, वर कापूस पिंजल्यासारखे ढग. पेटी उघडण्यापूर्वी भाच्याने मला एक अट घातली. "मामा, पंख बसवून होईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलायचं नाही." शिक्षकाला पाऊण तास गप्प बसवणारा हा पहिलाच खेळ मी पाहिला.

धड पेटीतून बाहेर आले. मग पंख. बुंध्याकडे तो आणि त्याचा मित्र, टोकाकडे मी. मी टोक धरून उभा, आणि ते दोघे पंखाचा कणा धडात सरकवीत आहेत. 'थोडं वर', 'थोडं खाली', एवढेच शब्द. माझ्या हातात बोटभर हलले की तिकडे त्यांच्या हातात केसभर हले. दुसरा पंखही तसाच. खुंट्या पुसल्या, ग्रीस लावले, आत घातल्या. मग मित्र शेपटीचा आडवा पंख आणायला गेला आणि भाचा एकेक सांधा जोडू लागला. तेवढ्यात क्लबातले एक म्हातारे गृहस्थ 'काय, कसं काय?' करीत आले. त्याने हसून हात वर केला, दोन शब्द बोलला. ते गेल्यावर त्याने जोडलेले तिन्ही सांधे पुन्हा तपासायला घेतले. पहिल्यापासून. कारण कुणी मध्ये बोलले, की मन जिथे थांबले तिथून पुढे धरत नाही, जिथे थांबलो असे वाटते तिथून धरते. दोहोंच्या मध्ये एखादा सांधा राहून जातो. म्हणून रीत अशी की खंड पडला की आरंभापासून. हे नियमाच्या त्या ओळीत नाही. ही मैदानावरची रीत.

दुसरी रीत त्याहून मोठी. जुळवणी झाली की ती दुसऱ्या जाणत्याने पाहायची. मित्राने विजेरी घेऊन प्रत्येक सांध्यात डोकावून पाहिले, प्रत्येक पिन ओढून पाहिली. मग भाचा आत बसला आणि म्हणाला, "मामा, आता बोललास तरी चालेल. इकडे ये, ही झडप दोन्ही हातांनी घट्ट धर. मी दांडा हलवीन. तू हलू द्यायची नाही."

मी पंखाच्या मागच्या कडेची झडप धरली. त्याने आत दांडा रेटला, आणि माझ्या तळव्यात एक दाब आला. मी विरोध केला, दाब वाढला. 'सोड' म्हणाला, सोडले. 'आता उलट.' पुन्हा दाब. मग दुसऱ्या पंखाशी, मग शेपटीशी. सांधा जुळलेला असला तरच तो दाब इथवर पोचतो. जुळलेला नसता, तर तो आत दांडा हलवीत राहिला असता आणि माझ्या हाताला काहीच कळले नसते. लहानपणी रस्ता ओलांडताना हा मुलगा माझे बोट धरीत असे. त्याच्या हाताची ओढ मला ओळखीची होती. पंधरा मीटर लांबीच्या त्या यंत्रातून, सळ्यांतून आणि गोळ्यांतून ती माझ्या तळव्यापर्यंत आली, आणि खरे सांगायचे तर माझे डोळे भरले. मित्राला वाटले, मला ग्रीसचा वास सोसत नाही.

तो उडाला. मी मान वर करून दोन तास उभा राहिलो. खाली उतरल्यावर त्याने पहिल्यांदा पाणी मागितले आणि नंतर भूक लागली म्हणाला.

रात्री ताईला फोन केला. मनाई सापडली नाही, हे तिला आधीच ठाऊक होते. मी तिला दुसरेच सांगितले. सरकारने त्याला पंख बसवायला मोकळीक दिली आहे, पण तो एकटा बसवीत नाही. एकजण पाहतो, एकजण धरतो. आज मी धरली होती झडप.

"तू धरलीस?" ती म्हणाली. थोडा वेळ गेला. "आणि तू इकडे परत आल्यावर कोण धरील?"

"त्याचा मित्र. नाहीतर क्लबातला दुसरा कुणी. आणि त्यांची हा धरतो."

"रोज?"

"दर खेपेला."

ती आणखी काही विचारील म्हणून मी थांबलो. पण ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. त्या 'बरं'मध्ये संमती किती आणि थकवा किती, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. भीती गेली असे मी म्हणणार नाही. आईची भीती नियमाने जात नाही आणि रीतीनेही जात नाही. ती फक्त बसायला एखादी बरी जागा शोधते.

मी तेव्हापासून एका गोष्टीचा विचार करीत आलो आहे. सरकार फार तर माणसाचे हात मोकळे सोडू शकते. ते मोकळे हात चुकणार नाहीत, याची हमी कुठलेच कलम देत नाही. ती देतो शेजारी उभा असलेला माणूस, ज्याला त्या कामाचा पैसा मिळत नाही आणि ज्याचे नाव नोंदवहीत असेलच असे नाही. मनाईच्या राज्यात शेजाऱ्याची गरज पडत नाही, कारण तिथे कुणी काही करीतच नाही. मुभा मिळाली की दोन माणसे लागतात. एक करणारा, आणि एक त्याच्या कामावर शंका घेण्याइतका त्याच्यावर माया करणारा.

यंदा ताईने फराळाचा डबा नवरात्र संपताच पाठवला. थंडी सुरू झाली की तिकडे ग्लायडरे पेटीत जातात, हे तिला आता ठाऊक आहे. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी तो मैदानावर पोचायला हवा, असा तिचा हिशेब. डब्यात तीन पिशव्या होत्या. एकीवर मुलाचे नाव. दुसरीवर त्याच्या मित्राचे, तिला जमेल तसे देवनागरीत लिहिलेले. तिसरी सर्वांत मोठी. तिच्यात चिवडा, चकल्या आणि बेसनाचे लाडू, आणि वरच्या चिठ्ठीवर तिच्या वळणदार अक्षरात तीनच शब्द: 'शेपटी धरणाऱ्यांना द्यावे.'